परस्पर संमतीचा घटस्फोट: कागद नीट लिहिणारा वकील कसा शोधायचा

माझं काम जमाखर्चाचं. सदाशिव पेठेतल्या एका सीएच्या ऑफिसात सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या तपासते आहे. त्यामुळे स्वतःच्या घटस्फोटाचा मसुदा हातात आला तेव्हा तोही मी बेरीज पडताळावी तसाच वाचला. चौथ्या पानावर मला एक मुलगा होता. मला मुलगी आहे. सहाव्या पानावर आमचं एकत्र राहण्याचं शेवटचं ठिकाण औंध होतं. आम्ही राहिलो धायरीत. आणि सातव्या पानावर कुणाच्या तरी जुन्या फायलीतून जसंच्या तसं उतरलेलं हे वाक्य: "याचिकाकर्ती क्र. १ हिने स्वतःच्या तसेच पाल्याच्या पोटगीचा हक्क कायमस्वरूपी सोडून दिला आहे."

वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अहो ताई, म्युच्युअल आहे. कोण वाचतंय?"

फाइल परत आणली. दिलेले पाच हजार मात्र आणता आले नाहीत, कारण पावती घेतली नव्हती. जन्मभर लोकांकडे पावत्या मागणारी बाई मी!

पुढे ऑफिसात, सोसायटीत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईने दबक्या आवाजात मला हेच विचारलं, की दोघांचं ठरलंय, भांडण नाही, तर वकील कसा बघायचा? म्हणून एकदा बैजवार लिहून काढते. माझी केस हिंदू विवाह कायद्याखालची, पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातली, २०२३ सालची. मी वकील नाही, पण कागद वाचता येतो.

पहिली गोष्ट, वकील लागतोच का? कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. त्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील उभा करणं हा तुमचा हक्क नाही, कोर्टाने परवानगी दिली तर वकील. व्यवहारात वकीलपत्राबरोबर परवानगीचा अर्ज देतात आणि तो मंजूर होतो. पण कायद्याच्या या कलमातच एक इशारा आहे: तिथे तुमच्या वतीने कुणी जोरजोरात बोलावं अशी अपेक्षाच नाही. जज मॅडमनी आमच्या वकीलबाईंना दोन वाक्यं विचारली असतील. बाकी सगळं कागद बोलला. म्हणून कोर्टात आवाज चढवणारा, "समोरच्याला असा धरतो बघा" म्हणणारा वकील म्युच्युअलच्या कामाचा नाही. आपल्याला हवा कारकुनी डोक्याचा, स्वल्पविराम बघणारा माणूस.

वकिलाची पायरी चढण्याआधी दोघांनी एकदा वही घेऊन बसावं. कायद्याच्या अटी तीनच. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब म्हणतं की किमान एक वर्ष वेगळे राहत असाल, एकत्र राहणं शक्य नसेल आणि विवाह संपवायचं दोघांनी मिळून ठरवलं असेल तर अर्ज करा. वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. घर एकच असलं तरी चालू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. कोर्ट मॅरेज म्हणजे विशेष विवाह कायद्याखालचं लग्न असेल तर कलम २८, साधारण अशीच वाट. ख्रिस्ती जोडप्यांसाठी त्यांच्या घटस्फोट कायद्याचं कलम १०-अ, तिथे कायद्यात दोन वर्षं लिहिली आहेत. मुसलमानांमध्ये मुबारात, म्हणजे दोघांच्या संमतीने तलाक. गोव्यात लग्नाची नोंद झालेल्यांनी पुण्या-मुंबईच्या वकिलाला पहिल्याच भेटीत ते सांगावं, कारण तिथला कौटुंबिक कायदा वेगळा आहे.

तर वही. आम्ही डेक्कनच्या एका अमृततुल्यात बसलो, तीन गुरुवार. (गुरुवार का? नवरा भोसरीच्या कंपनीत. तिकडे एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. हा गुरुवार पुढे परत येणार आहे.) पहिल्या दिवशी वाटलं, आपलं सगळं ठरलेलंच आहे. मग मी ताळेबंदासारखं पान आखलं आणि कळलं की ठरलेलं फक्त एकच आहे, वेगळं व्हायचं. पोरीचा दरमहाचा खर्च किती? शाळेची फी त्यात धरायची की वेगळी? आईने दिलेल्या पाटल्या सासूबाईंच्या लॉकरमध्ये, त्या कधी मिळणार? धायरीच्या घराचं डिपॉझिट कुणाचं? एलआयसीचे हप्ते कोण भरणार? या प्रत्येक प्रश्नापुढे आकडा पडल्यावरच वकिलाकडे जा. आकड्यांशिवाय गेलात तर वकिलाची केबिन हेच भांडणाचं ठिकाण होतं आणि त्या भांडणाचे तासाप्रमाणे पैसे पडतात.

इथे मध्येच एक गोष्ट, कारण अजूनही हे चालतं. कराडकडे माझ्या मावसबहिणीला गावातल्यांनी सुचवलं की कोर्टकचेरी कशाला, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहा, नोटरीचा शिक्का मारा, झालं. ते झालं नाही! नोटरीला लग्न मोडायचा अधिकार नाही. केंद्राच्या विधी विभागानेही २०२४ मध्ये नोटरींना हे बजावलं आहे. एखाद्या समाजात रूढीने सोडचिठ्ठी चालत आली असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि ते करण्यापेक्षा सरळ म्युच्युअल सोपं. फारकतीवर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते लग्न कायद्याने रद्दबातल ठरू शकतं.

आता वकील शोधणं. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे "एका महिन्यात घटस्फोट, गॅरंटी" असा फलक किंवा फॉरवर्ड आलेला मेसेज दिसला तर तो माणूस आपल्याच व्यवसायाचे नियम मोडतोय एवढं समजा. मी काय केलं? एका गुरुवारी सुट्टी टाकून शिवाजीनगरला कोर्टात गेले आणि नुसती बाकावर बसले. दुपारपर्यंत कळलं की कोण पक्षकाराला बाजूला घेऊन कागद समजावून सांगतो आणि कोण "इथे सही, इथे सही" करत पळतो. सह्या घेताना पान उलटू देणाऱ्या एका बाई दिसल्या. त्यांच्या मागे जाऊन कार्ड मागितलं. सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, त्यांनी न विचारता दाखवला. नसता दाखवला तर विचारायचा. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे, नोंद तिथे असते.

पहिल्या भेटीत मी चार गोष्टी विचारल्या. गेल्या वर्षभरात म्युच्युअलच्या किती केसेस याच कोर्टात केल्या? मसुदा तुम्ही स्वतः लिहिता की ज्युनिअर? मराठीत देणार की इंग्रजीत? (मी मराठीत मागितला. आईलाही वाचता आला पाहिजे होता.) आणि तारखेला तुम्ही स्वतः याल का? चौथ्या प्रश्नाला त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी नसले तर ज्युनिअर असेल, पण तुमच्या दुसऱ्या मोशनला मी असेन, ते लिहून देते." (मोशन म्हणजे दोघांनी मिळून कोर्टापुढे मागणी मांडणं. म्युच्युअलमध्ये ते दोनदा होतं.) मला हे उत्तर आवडलं. "सगळ्या तारखांना येईन" म्हणणारे आधीचेही होते.

फीचं. तीन ठिकाणी विचारलं तर १५ हजार, ३५ हजार आणि ८० हजार असे आकडे आले. ८० वाल्यांचं ऑफिस सुंदर होतं. मी ३५ दिले, दाखल करताना निम्मे आणि डिक्रीनंतर, म्हणजे घटस्फोटाच्या हुकुमानंतर, निम्मे, प्रत्येक वेळी पावती. विचारायचं ते हे, की यात टायपिंग, नोटरी, कोर्ट फी, नकलांचा खर्च धरला आहे का? दोन मोशनच्या मधल्या सहा महिन्यांच्या माफीचा अर्ज (त्याबद्दल पुढे) धरला आहे का? पुष्कळांचा "एक्स्ट्रा" तिथून सुरू होतो. आणि "तुम्हाला मिळणाऱ्या पोटगीत माझे दहा टक्के" असं कुणी म्हणालं तर उठून या. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर फी ठरवायला वकिलांना बंदी आहे.

३५ हजार नसतील तर? बाईमाणसाला हे सांगताना मी दोनदा सांगते, कारण पटकन विश्वास बसत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारीलाही मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते. फोन करायचा तर १५१००. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही ही सोय आहे. मिळालेल्या वकिलालाही वरचे चार प्रश्न विचारायचे, फुकट आहे म्हणून गप्प बसायचं नाही.

दोघांत एकच वकील चालतो का? चालवतात सर्रास. माझं मत असं, की लिहिणारा एक असू दे, पण वाचणारे दोन हवेत. मसुदा माझ्या वकीलबाईंनी केला. नवऱ्याला मी स्वतः म्हटलं, "तू तुझ्या ओळखीच्या वकिलाकडून तासभर वाचून घे." त्याने घेतला, दोन हजार दिले, आणि त्या वकिलाने दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्यातली एक माझ्याच फायद्याची निघाली. पुढे "मला कळलंच नव्हतं, फसवून सही घेतली" असं म्हणायला जागा राहिली नाही, आणि हे दोघांच्याही सोयीचं.

आता मुख्य काम, कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीच्या अटी. पुढची दहा-पंधरा वर्षं तुमच्या वतीने बोलणार ती ही पानं. इथे घाई करणाऱ्या वकिलाला थांबवा.

मुलीच्या भेटीचं कलम आमच्या पहिल्या मसुद्यात असं होतं: "वडील सोयीनुसार पाल्यास भेटू शकतील." वकीलबाईंनी पेन्सिलीने "सोयीनुसार"खाली रेघ ओढली आणि विचारलं, "कुणाच्या?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मग त्यांनी "दर रविवारी" लिहिलं. तो म्हणाला, "मॅडम, माझा रविवार कामाचा. सुट्टी गुरुवारी." आणि गुरुवारी पोरीची शाळा! अर्धा तास गेला त्यावर. शेवटी वाक्य झालं ते असं: दर गुरुवारी शाळा सुटल्यावर वडील घेतील आणि रात्री आठपर्यंत आईच्या घरी आणून सोडतील, महिन्यातून एक रविवार ते रजा टाकतील, तो आधीच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत कळवतील, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, गौरी-गणपतीचे पहिले पाच दिवस कराडला. वाचायला कंटाळवाणं आहे. पण तेव्हापासून आजवर या विषयावर आमचा एकही फोन चढ्या आवाजात झालेला नाही.

पैशांचंही असंच. "वडील पाल्याचा खर्च करतील" याला काही अर्थ नाही. किती, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, दरवर्षी किती वाढ, कधीपर्यंत? आमच्यात दरमहा ९ हजार, ५ तारखेच्या आत, दर जूनला दहा टक्के वाढ (शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून जून), शाळेची फी वेगळी आणि निम्मी, मेडिक्लेममध्ये मुलीचं नाव त्याच्याकडेच. बायकोने स्वतःची पोटगी सोडली तर तो तिचा निर्णय. मुलाचा हक्क आईला सोडून देता येत नाही. तसं लिहिलं तरी मुलाला तो बांधत नाही. माझ्या सातव्या पानावरचं ते वाक्य म्हणूनच इतकं खुपलं.

माझी एकरकमी रक्कम ६ लाख ठरली. ती कधी द्यायची हा नाजूक प्रश्न, कारण डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. आधी सगळे दिले आणि ती फिरली तर? सगळे नंतर ठेवले आणि तो फिरला तर? आम्ही दाखल करताना २ लाख आणि दुसऱ्या मोशनला ४ लाखांचा डीडी असं ठेवलं आणि डीडीचा नंबर कोर्टापुढच्या जबाबात नोंदवून घेतला. पुढच्या तारखांचे चेक घेऊ नका. चेक वटला नाही तर आणखी एक केस लढायची वेळ येते. आणि आमच्या धंद्यातलं एक सांगते, एकरकमी पोटगी आणि दरमहा पोटगी यांना प्राप्तिकरात वेगळं धरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निकालात एकरकमी रक्कम करपात्र उत्पन्न धरली नव्हती, दरमहाची धरली होती. त्यामुळे रकमेचं स्वरूप अटींत नेमक्या शब्दांत लिहा आणि सही करण्याआधी सीएला दाखवा.

दागिन्यांचं वेगळं परिशिष्ट केलं. पाटल्या दोन, मोहनमाळ, नथ, कानातले दोन जोड, प्रत्येकापुढे वजन आणि "मिळाले"ची सही. सासूबाईंची ठुशी माझ्याकडे होती, ती मी त्याच दिवशी दिली. त्यांनी रुमालात गुंडाळून घेतली, उघडून पाहिली नाही.

फ्लॅट दोघांच्या नावे असेल तर वकिलाला आधीच सांगा. बँकेला तुमच्या अटींशी देणंघेणं नसतं; कर्जावर दोघांच्या सह्या आहेत तोवर हप्ता दोघांचा. हिस्सा एकाच्या नावे करायचा असेल तर बक्षीसपत्र डिक्रीच्या आधी, कायद्याने नवरा-बायको असतानाच नोंदवणं मुद्रांक शुल्काच्या दृष्टीने स्वस्त पडतं. नंतर तुम्ही परके. ऑफिसातली एक मैत्रीण हे नंतर शिकली.

पोलिसात ४९८-अ ची, म्हणजे सासरच्या छळाची तक्रार (जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) झालेली असेल तर म्युच्युअलच्या डिक्रीने ती आपोआप मिटत नाही. ती रद्द करायला दोघांनी उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि त्याला फिर्यादी हरकत घेणार नाही हे अटींत लिहावं लागतं. घरगुती हिंसाचाराचा किंवा पोटगीचा अर्ज चालू असेल तर तो कुणी, कधी मागे घ्यायचा तेही. दोघांपैकी एक परदेशात असेल तर मुखत्यारपत्र लागतं. बाहेर केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, हे पुष्कळजण विसरतात. जबाब व्हिडिओ कॉन्फरन्सने घेण्याची परवानगी मागता येते.

कोर्टातलं त्या मानाने थोडक्यात. लग्न जिथे झालं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात किंवा बायको सध्या जिथे राहते, तिथल्या कोर्टात दाखल करता येतं. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. लग्नाचा दाखला, नसला तर पत्रिका आणि फोटो, दोघांचे आधार-पॅन, पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट साइज फोटो. ओरिजिनल जवळ ठेवा, पण देऊन टाकू नका. केस नोंदली की सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाकला की तारखा स्वतःला दिसतात, वकिलाला रोज फोन करायला नको.

विवाह समुपदेशक आधी एकेकट्याला, मग दोघांना बसवून बोलतात. तिथे वकील नसतो. खरं ते सांगायचं. कायद्याने पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये सहा महिने जावे लागतात, आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरं मोशन व्हावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये सांगितलं की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. त्यासाठी दाखल करण्याआधीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असावेत, पोटगी-ताब्याचं सगळं खरोखर मिटलेलं असावं आणि समेटाचे प्रयत्न होऊन गेलेले असावेत. आम्ही जून २०२१ पासून वेगळे. जानेवारी २०२३ ला दाखल केलं आणि पहिल्या मोशननंतर आठवड्याभराने माफीचा अर्ज दिला. मार्चमध्ये डिक्री. वेगळे राहिल्याची तारीख सिद्ध करायला माझा भाडेकरार उपयोगी पडला, म्हणून तो नोंदणीकृत असू द्या.

शेवटच्या दिवशी अकराला पोचलो, पुकारा झाला पावणेतीनला. डबा न्यावा. मॅडमनी विचारलं, "कुणाचा दबाव आहे का? अटी वाचल्यात का?" मी म्हटलं, "हो, चार वेळा." त्या जरा हसल्या.

डिक्री झाल्यावर त्याच दिवशी प्रमाणित नकलांचा अर्ज टाका, निदान चार प्रती, कारण बँक, पासपोर्ट, शाळा सगळे शिक्क्याची प्रत बघतात. पुन्हा लग्न करायचं असेल तर तारीख काढण्याआधी अपिलाच्या मुदतीचं वकिलाला विचारून घ्या. मग वारसनोंदी, म्हणजे नॉमिनीची नावं. पीएफ, एलआयसी, बँक, म्युच्युअल फंड, सगळीकडे जुनं नाव पडून असतं, डिक्री ते बदलत नाही. मी जवळजवळ सगळी बदलली. सिंहगड रोडच्या पतसंस्थेतल्या एका आवर्त ठेवीवर अजून त्याचंच नाव आहे. शनिवारी अर्धा दिवस चालू असते, तेव्हा जायचंय.